साडेसहा किलोंचा शब्द

प्राण्यांच्या दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला एक टेबल आहे, टेबलावर वजनाचं यंत्र आणि यंत्रामागे वजनमावशी. गेली एकतीस वर्षं यात काही बदल नाही. म्हणजे टेबल तीनदा बदललं, यंत्र चारदा, डॉक्टर एकदा, मावशी तीच. तिचं खरं नाव पगारपत्रकावर आहे आणि तिथंच बरं आहे, कारण त्या नावानं कुणी हाक मारली तर ती स्वतःसुद्धा वळून बघायची नाही.

आता वजन करण्यात एवढं काय मोठं, असं कुणालाही वाटेल. प्राणी ठेवायचा, आकडा वाचायचा, कार्डावर लिहायचा. बरोबर आहे, तेवढं कुणीही करेल. पण मावशीकडे लोक आजचं वजन विचारायला येतच नसत. ते येत पुढचं विचारायला. हे एवढंसं पिल्लू मोठं होऊन केवढं होईल, हे छातीठोकपणे सांगणारी शहरात ती एकटी, आणि ती चुकत नाही अशी तिची ख्याती.

खरं तर ती दवाखान्यात आली फरशी पुसायला. नवरा ट्रकवर होता, एका घाटात ट्रकसकट गेला, आणि पदरात सहा वर्षांची मुलगी. आताच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या डॉक्टरांनी, तिला कामावर ठेवलं. एके दिवशी ऐन वेळी यंत्र बिघडलं. टेबलावर कुत्रं आडवं, भूल द्यायची, आणि भुलीचं औषध तर वजनाप्रमाणे द्यायचं असतं. थोरले डॉक्टर सगळ्यांवर डाफरत होते. मावशीनं फडकं बादलीत टाकलं, कुत्र्याला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाली, अकराच्या थोडं वर आहे. डॉक्टर म्हणाले, बाई, असल्या अंदाजावर औषध देत नसतात, आणि शेजारच्या धान्याच्या दुकानात कुत्रं पाठवून वजन करून आणवलं. अकरा किलो दोनशे ग्रॅम. दुसऱ्या दिवसापासून फरशीला दुसरी बाई आली.

उचलून आजचं वजन सांगणं एखाद्या मुरलेल्या हमालालाही जमेल. पुढचं सांगणं वेगळं. लोकांना वाटतं पंजे बघितले की झालं, पंजे मोठे तर कुत्रं मोठं. अहो, पंजे सगळेच बघतात, आणि पंजांनी तोंडघशी पाडलेली माणसं मावशीनं ढिगानं पाहिलीत. ती आधी पिल्लाचं तोंड उघडायची. विकणारा सांगतो दोन महिन्यांचं, दात सांगतात साडेतीन, आणि वयच खोटं निघालं की पुढचं सगळं गणित कोसळलं. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून बघायची, पुढच्या पायांची मनगटं अंगठ्यानं चाचपायची, शेपटीचं मूळ केवढं जाड आहे ते बघायची, पोट फुगलंय ते खाण्यानं की जंतांनी हे ओळखायची. लहान जातीची पिल्लं लवकर वाढतात आणि लवकर थांबतात. दहा-अकरा महिन्यांत त्यांचा कारभार आटोपतो. म्हणून साडेतीन महिन्यांचं वजन दुप्पट करून वर थोडं टाकायचं, हा हिशेब दवाखान्यात सगळ्यांनाच पाठ झाला होता. पण ते ‘वर थोडं’ म्हणजे नेमकं किती, हे फक्त मावशीच्या हाताला कळायचं. सगळं चाचपून झालं की ती डोळे मिटून पिल्लू तळहातावर तोलायची आणि आकडा सांगायची. तोच आकडा कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहायची, आणि वर्षभरानं ते कुत्रं लस टोचायला आलं की कार्ड उलटून सगळ्यांना दाखवायची. पाव किलोचा फरक निघाला तरी तिचा तो दिवस वाईट जायचा, आणि तिचा वाईट गेला की सगळ्यांचाच जायचा.

जीभ तर विचारूच नका. एक बाई पर्समध्ये मावणारं पिल्लू म्हणून पिल्लू घेऊन आल्या, खरोखर पर्समध्येच घालून. मावशीनं त्याला हात लावला आणि त्यांना सुटकेस बघायला सांगितली. बाई रुसून दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. आठ महिन्यांनी परत आल्या तेव्हा त्या कुत्र्याला आणत नव्हत्या, कुत्रं त्यांना आणत होतं. पिल्लं विकणारे तर तिला टरकूनच असत. एकानं तिला फाटकापाशी गाठून सुनावलं की तुमच्या तोंडामुळं माझ्या पोटावर पाय येतो. ती म्हणाली, तू पिल्लांना उपाशी ठेवून लहान दाखवतोस ते बंद कर, मी तोंड बंद करते. दोघांनीही काही बंद केलं नाही.

हळूहळू तिच्या आकड्याला कागदाचं मोल आलं. भाड्यानं घर देणारे विचारायला लागले, इमारतींच्या समित्या विचारायला लागल्या, की हे मोठं होऊन केवढं होणार ते लिहून आणा. थोरल्या डॉक्टरांनी तसा दाखलाच छापून घेतला. पुढं त्यांच्या मुलीनं दवाखाना हाती घेतला तरी पद्धत तीच राहिली. डॉक्टरीणबाई खाली सही करायच्या, पण ‘पूर्ण वाढीनंतरचं अपेक्षित वजन’ या ओळीपुढची जागा मावशीसाठी मोकळी सोडायच्या.

घड्याळकाका आले ते थंडीतल्या एका सकाळी, दवाखाना उघडायच्याही आधी. शहरातली निम्मी घड्याळं कधी ना कधी या माणसाच्या हाताखालून गेलेली. वय शहात्तर. हात थरथरायला लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं, आणि त्याच वर्षी काकू गेल्या. मुलगा परदेशात. त्यानं तिथून खटपट करून वडिलांना ज्येष्ठांच्या एका निवासात खोली मिळवून दिली होती, पहिल्या तारखेला जायचं ठरलं होतं. काका निमूटपणे सामान बांधत होते, तेवढ्यात शेजारणीनं तिच्या कुत्रीचं एक पिल्लू आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. आई छोट्या जातीची, चांगली जातिवंत. बाप कोण ते आईलाच ठाऊक. पिल्लू केसाळ, मातकट रंगाचं, आणि आनंद झाला की शेपूट कुणी किल्ली दिल्यासारखी गोल फिरवायचं. म्हणून काकांनी तिचं नाव किल्ली ठेवलं.

निवासाचा नियम काकांनी मावशीला नीट समजावून सांगितला. लहान प्राणी ठेवायला परवानगी आहे, पण पूर्ण वाढ झाल्यावर त्याचं वजन सात किलोंच्या आत असायला हवं. प्रवेशाच्या वेळी डॉक्टरांचा दाखला लागतो. प्राणी वर्षाचा झाला की पुन्हा वजन होतं, आणि सातच्या वर गेलेल्या प्राण्याला तिथं राहता येत नाही. हे सगळं काकांनी अशा सुरात सांगितलं की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे. मग म्हणाले, "मावशी, सातच्या वर जाणार असेल तर आत्ताच सांगा. शेजारीण परत घेते म्हणालीय. चारच दिवस झालेत. हिलाही फार लागणार नाही, मलाही नाही."

किल्ली त्यांच्या कोटाच्या बाहीत शिरून झोपली होती, तिला अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागलं. मावशीनं यंत्रावर ठेवली. तीन किलो साडेतीनशे. दात बघितले, वय साडेतीन महिने, शेजारीण खरं बोलली होती. दुप्पट केले तर सहा सातशे, वर थोडं. ते थोडं किती, ते मावशी हातानं शोधायला लागली. मनगटं जाड, मानेची कातडी सैल, शेपटीचं मूळ अंगठ्याएवढं. तिनं डोळे मिटून पिल्लू तोललं आणि हातानं स्वच्छ सांगितलं, आठ. पाच-पन्नास ग्रॅम इकडेतिकडे.

तिनं डोळे उघडले तेव्हा किल्लीनं मान लांब करून काकांचं बोट तोंडात धरलं होतं. ते बोट एरवी सारखं थरथरायचं, आत्ता थरथरत नव्हतं. काका त्या बोटाकडेच बघत होते, आकडा ऐकायचा आहे हेही विसरले होते. या माणसाच्या घरातली भांडी वाटून झाली होती, पलंग विकून झाला होता, आणि आता हे एवढं एक जिवंत उरलं होतं ते तिच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या एका शब्दावर.

"साडेसहा," मावशी म्हणाली.

काकांनी विचारलं, नक्की का? यावर तिनं गप्प बसायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्या माणसाला राग फार लवकर येतो. तिनं त्यांना ठणकावलं की एकतीस वर्षांत मला नक्की का म्हणून कुणी विचारलेलं नाही. झालं. घड्याळजी तो माणूस, शहानिशा करून घेणं हा त्याचा स्वभाव, पण या एका ठिकाणी त्यानं शहानिशा कायमची सोडून दिली. मावशीनं कार्डामागे साडेसहा लिहिलं, दाखल्यावर साडेसहा लिहिलं, डॉक्टरीणबाईंनी न बघता सही केली. काकांनी किल्लीला कोटात घातलं आणि जाताना दोनदा वळून हात जोडले.

मावशीनं मनाची समजूत घातली. आठ महिने पडलेत अजून. तेवढ्यात काय वाट्टेल ते होतं, नियम बदलतात, माणसं बदलतात, आणि एकदा का सगळ्यांना त्या पिल्लाचा लळा लागला की कोण कशाला किलो मोजत बसतंय. इतकं काही वाईट केलं नाही आपण, असं ती दोन दिवस भांडी घासताना स्वतःशी बोलत होती. तिसऱ्या दिवसापासून तिनं तो विषयच बंद केला.

काका दर महिन्याला यायचे, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला. किल्लीचं वजन खिशातल्या वहीत उतरवून घ्यायचे. बरोबर निवासातल्या बातम्या असायच्या. खिडकीतून बाग दिसते. समोरच्या खोलीतल्या आजी कुणाशी अक्षर बोलत नव्हत्या, त्या परवा किल्लीला नावानं हाक मारून स्वतःच दचकल्या. काकांच्या गालावर थोडं मांस चढलं होतं, कोट इस्त्रीचा असायचा. ते सगळं बघून मावशीला बरं वाटायचं आणि लगेच पुढच्या क्षणी आकड्याकडे बघून वाटेनासं व्हायचं.

किल्ली सहा महिन्यांची झाली तेव्हा पाच किलो नऊशे भरली. वहीत लिहिता लिहिता काकांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, ही जरा पुढं जात नाही ना? मावशीनं सांगितलं, भरतं अंग आहे, थांबेल. पहिलं खोटं बोलताना तिची जीभ जड झाली होती. दुसरं अगदी सहज आलं, याचंच तिला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

पुढच्या महिन्यात काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. जंताचं औषध निवासातली नर्स येऊन घेऊन गेली, म्हणाली, काका बरे आहेत, कुत्रीही बरी आहे. मावशीला खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं झालं. मग मात्र रुखरुख लागली. ठरलेल्या दिवशी तिचं लक्ष फाटकाकडे जायचं आणि यंत्रावरच्या मांजरीचं वजन ती दोनदा वाचायची.

किल्ली वर्षाची झाली त्या आठवड्यात काका आले. हातात निवासाचा अर्ज, अंगात तोच इस्त्रीचा कोट, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद की बाकावरच्या लोकांनी आपोआप जागा करून दिली. किल्ली आता लांब झाली होती, केस भरदार झाले होते, दिसायला मोठी झोकदार. काकांनी तिला स्वतः उचलून यंत्रावर ठेवलं. आकडा दोनदा हलला आणि स्थिर झाला. सहा किलो पाचशे.

डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी कार्ड उलटून पेन्सिलीचा आकडा वाचला आणि हसायलाच लागल्या. एका ग्रॅमचा फरक नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणी म्हणालं, मावशींना कुत्र्यांचं सोडून माणसांचं विचारायला हवं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळा दवाखाना खूश होता आणि मावशीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कारण साडेसहा हा आकडा किल्लीच्या हाडांत कधी नव्हताच. तो मावशीनं तोंडातून काढला होता, एका म्हाताऱ्याचं बोट थरथरायचं थांबलं म्हणून. हातानं सांगितलेला आकडा ग्रॅमपर्यंत आला असता तर ती मिरवली असती. पण खोटा आकडा ग्रॅमपर्यंत खरा होतो तो आपोआप होत नाही. कुणीतरी करतं तेव्हा होतो.

तिनं किल्लीच्या केसांत हात घातला. वरून भरदार दिसणाऱ्या केसांच्या खाली बोटांना एकेक बरगडी वेगळी लागली. कमरेची दोन हाडं वर आलेली. तिच्या बोटांना सकाळच्या चहाबरोबरच्या बिस्किटाचा वास असावा. किल्लीनं तिचं बोट चाटायला घेतलं आणि सोडेचना. मावशीनं अगदी हळू आवाजात विचारलं, काका, हिला खायला किती घालता?

काका जवळ सरकले. चार लोकांत सांगायची गोष्ट नाही, पण मावशीला सांगायला हरकत नाही, अशा बेतानं सांगायला लागले.

"सातव्या महिन्यात निवासातल्या काट्यावर ही सात किलोंच्या वर गेली, मावशी. मी घाबरलो. म्हटलं, तुमचा आकडा काही चुकणार नाही, म्हणजे माझंच चुकतंय. लाडानं जास्त घालत असणार मी. घड्याळ पुढं जायला लागलं तर आपण वेळेला दोष देतो का? घड्याळ हळूहळू मागं आणतो. तसंच केलं. आधी सकाळचा वाडगा निम्मा केला, मग संध्याकाळचा. ती दाराशी बसून रडायची तेव्हा मी रेडिओ मोठा करायचो. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून आलो नाही. आज बरोबर लागली, तसा आलो."

डॉक्टरीणबाईंनी दाखला पुढं ओढला होता, पेनचं टोपण काढलं होतं. मावशीला आता काही करायचंच नव्हतं. साडेसहा म्हणजे सातच्या आत. सही झाली की किल्ली काकांच्या खोलीत कायमची राहिली असती, निम्म्या वाडग्यावर, आणि कुणालाही काही कळलं नसतं. फक्त गप्प बसायचं होतं. सगळ्यांसमोर तिची एकतीस वर्षांची अब्रू शाबूत होती, उलट आज चार पायऱ्या वर चढली होती.

"सही करू नका," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. मग काकांकडे वळली. "काका, मी खोटं सांगितलं होतं. त्या दिवशी माझ्या हाताला आठ लागलं होतं. तुमच्याकडे बघून मी साडेसहा म्हणाले."

काकांना आधी कळलंच नाही. कोणत्या दिवशी, असं त्यांनी विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, दोन्ही आकडे पुन्हा उच्चारले, कारण आता आडपडदा ठेवून काही उपयोग नव्हता. बाकावरचे लोक जमिनीकडे बघायला लागले. काकांनी किल्लीच्या केसांत स्वतःचा हात घातला, जिथं मावशीचा होता तिथंच, आणि बरगड्यांवरून सावकाश फिरवला. पाच महिने हा माणूस त्याच केसांवरून रोज हात फिरवत होता, पण वरूनच. आता त्यांनी हात असा मागे घेतला की जणू चटका बसला.

"तुम्ही म्हणालात म्हणून मी तिच्या तोंडचा घास काढला," ते म्हणाले.

ओरडले असते तर मावशीला सोसलं असतं. ती भांडणाला कधी मागं हटलेली नाही. पण काकांनी आवाज चढवला नाही, नुसते बाकावर बसून राहिले, आणि मावशीला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेऊन चांगलंच फैलावर घेतलं. त्या कागदावर माझी सही आहे मावशी, माझ्या वडिलांचं नाव आहे, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. शेवटी त्यांनी नव्या कागदावर खरं ते लिहिलं: कुत्रीचं वजन असायला हवं त्यापेक्षा दीड किलोनं कमी आहे, तिला पोटभर आहार द्यावा. तो कागद मावशीनं मागून घेतला. कामाच्या वेळेत यंत्र सोडून ती आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडली.

निवासापर्यंत पंधरा मिनिटांची वाट. काका किल्लीला कोटात धरून पुढं चालत होते, मावशी कागद घेऊन दहा पावलं मागं. वाटेत ते एकदाही वळले नाहीत.

व्यवस्थापक बाईंची खोली स्वच्छ, टेबलावर एक कुंडी आणि नोंदवह्यांची चळत. मावशीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, स्वतःला वाचवायला एक शब्द मागं ठेवला नाही, आणि म्हणाली, काय शिक्षा करायची ती मला करा, कुत्रीला राहू द्या. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की हा नियम काही हौसेनं केलेला नाही. दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका मोठ्या कुत्र्यानं जिन्यात ओढ घेतली, दोघं पडले, त्यातल्या एक बाई पुन्हा अंथरुणातून उठल्या नाहीत. त्यानंतर सगळ्यांनी बसून, हात वर करून सात किलोंची मर्यादा ठरवली. आज एकासाठी आठ केले तर उद्या दुसऱ्यासाठी दहा. त्या चिडल्या असत्या तर मावशीला भांडता आलं असतं. पण त्या खऱ्याच होत्या, आणि खऱ्या माणसाशी भांडायचं कसं ते मावशीला ठाऊक नव्हतं.

मग काका बोलले. दवाखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

"नियम बरोबर आहे बाई. ही इथं राहिली तर मी हिला उपाशीच ठेवीन. आज नाही म्हणेन, पण उद्या यंत्राची भीती वाटली की पुन्हा वाडग्यातून काढीन. मला ओळखतो ना मी. ही पोटभर जेवेल अशा ठिकाणी जाऊ दे."

कुठं, हे कुणी विचारायच्या आतच मावशी म्हणाली की माझ्याकडे. मुलगी लग्न होऊन कधीची गेली, खोली एकटीची आहे, तळमजला आहे, आणि तिथं कुणी किती जाड व्हावं याचा काही नियम नाही. काकांनी तिच्याकडे बघितलं नाही, पण नकोही म्हणाले नाहीत.

व्यवस्थापक बाई बराच वेळ त्या कागदाची घडी घालत बसल्या. मग म्हणाल्या, "राहणाऱ्यांसाठी नियम आहे. भेटायला येणाऱ्यांचं वजन आम्ही करत नाही. दहा ते सहा. पट्टा बांधलेला हवा, बागेतच बसायचं, आणि नोंदवहीत नाव लिहायचं." असं म्हणून त्यांनी नोंदवहीचं नवीन पान उघडून पेन काकांच्या हातात दिलं. मावशीचा दवाखान्याचा रस्ता निवासावरूनच जायचा. सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं, एवढं तिथल्या तिथं ठरलं.

त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, काका किल्लीला पोचवायला मावशीच्या खोलीवर आले. बरोबर एक घोंगडी, पट्टा आणि तो वाडगा. खोलीत एक खाट, एक शेगडी, भिंतीवर मुलीचा आणि जावयाचा फोटो. मावशीनं खुर्ची पुढं केली, पण काका बसले नाहीत. घोंगडी कुठं ठेवू बाई, असं त्यांनी विचारलं. सकाळपर्यंत ते तिला मावशी म्हणत होते.

तिनं वाडगा काठोकाठ भरला आणि खाली ठेवला. किल्ली त्यावर तुटून पडली. मग अर्धा वाडगा झाला आणि ती आपली आपणच थांबली. दोन पावलं मागं सरली, खाली बसली आणि मान वर करून काकांकडे बघायला लागली.

मावशी म्हणाली, खा ग. वाडगा पुढं सरकवला. किल्ली जागची हलली नाही. तोंडातून लाळ गळत होती, नजर वाडग्यावर जाऊन पुन्हा काकांकडे येत होती. अर्धा झाला की हात येतो आणि वाडगा उचलतो, हे तिनं पाच महिन्यांत नीट शिकून घेतलं होतं. त्या हाताची ती वाट बघत होती.

काकांनी खाटेच्या कडेला धरलं, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि जमिनीवर बसले. वाडग्यात हात घालून त्यांनी एक घास उचलला. हात इतका थरथरत होता की निम्मा फरशीवर सांडला. उरलेला त्यांनी तिच्या तोंडापुढं धरला. तिनं आधी वास घेतला, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि मग खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला तिनं हाताची वाट न बघता तोंड वाडग्यात घातलं, आणि काका तिच्या पाठीवर हात ठेवून तसेच बसून राहिले, रडत होते ते लपवायचाही त्यांनी प्रयत्न केला नाही. वाडगा चाटूनपुसून झाला. किल्लीनं पुन्हा मान वर केली.

"मावशी," काका म्हणाले, "हिला अजून थोडं वाढा."

मावशीनं डोळे पुसले आणि वाढलं.